मुंगसाच्या पुस्तकातली गाळलेली ओळ

एका शहरात हेमलताबाई शेलटकर नावाच्या एक बाई राहत होत्या. एक पुस्तक खरं ठेवायचं, एवढंच त्यांचं काम.

पुस्तक होतं एका डीबगरचं. डीबगर म्हणजे प्रोग्राम कुठे अडखळतो, कुठे चुकतो ते शोधून देणारं साधन. हेमलताबाईंच्या कंपनीने असं एक साधन बनवलं होतं आणि हौसेने त्याचं नाव ‘मुंगूस’ ठेवलं होतं. ते कसं वापरायचं हे सांगणारं मॅन्युअल हेमलताबाई सांभाळत.

काम साधं वाटायचं, पण ते कधी संपत नसे. मुंगूस बनवणारी मंडळी रोज त्यात काहीतरी बदलत आणि पुस्तकाला कळवायचं विसरत. आज एक बटण डावीकडे, उद्या उजवीकडे. बाईंनी एक पान नीट करावं, तोवर मागची दोन पानं खोटी पडलेली असत. पूर्वी त्यांच्या जोडीला आणखी एक माणूस होता. तो गेला, त्याची खुर्चीही गेली. दळण मात्र तेवढंच राहिलं.

बाईंचा एक नेम होता. कोणतीही ओळ स्वतः करून पाहिल्याशिवाय पुस्तकात घालायची नाही. या नेमापायी त्यांचे डोळे दुखत, मान आखडे. पण पुस्तक खरं राहत असे.

या पुस्तकाचे एक वाचक बार्शीला राहत. शिवलिंग हिंगमिरे त्यांचं नाव. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले मास्तर. वेळ जावा म्हणून ते घरी प्रोग्राम लिहीत, मुंगूस वापरत आणि पुस्तकातल्या चुका काढत. त्यांच्या मेलला गोडवा नसे.

“बाई, यादी वर दिसते असं तुम्ही लिहिता. माझ्याकडे ती खाली दिसते. माझे डोळे म्हातारे झालेत, पण इतके नाहीत.”

सुरुवातीला बाईंना राग येई. मग त्या मुंगूस उघडून पाहत. यादी खरंच खाली असे. पुन्हा मेल येई, पुन्हा तपासावं, पुन्हा सर बरोबर. असं इतक्यांदा झालं, की बाईंचा राग मावळला आणि त्या जागी भरवसा आला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी आभार मानून सरांचं नावही घातलं. हळूहळू सरांची दुरुस्ती आली की बाई ती तशीच पुस्तकात उतरवू लागल्या. करून पाहायचं त्यांनी सोडून दिलं. आपला नेम मोडतोय असं त्यांना वाटलंही नाही. तेवढे कष्ट वाचले, एवढंच वाटलं.

एकदा उन्हाळ्यात पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. दुपार कलली होती. बाईंसमोर बदलांचा ढीग पडला होता आणि डोकं ठणकत होतं. तेवढ्यात सरांचा मेल आला.

“चालू प्रोग्रामला मुंगूस जोडला, तर बाहेर पडण्याआधी ‘सोड’ ही आज्ञा द्या, असं तुम्ही लिहिता. मी ती न देताच बाहेर पडलो. प्रोग्राम चालूच राहिला. मग ही जास्तीची पायरी कशाला?”

हे पाहायचं तर एक प्रोग्राम चालू करा, त्याला मुंगूस जोडा, मग बाहेर पडून बघा. बाईंनी नुसता विचार केला आणि त्यांना आणखीच थकवा आला. सर कधी चुकतात का? त्यांनी ती ओळ खोडली. पुस्तक एका ओळीने हलकं झालं, बाईंनाही हलकं वाटलं, आणि त्या पुढच्या पानाकडे वळल्या.

नवी आवृत्ती गावोगाव गेली. दूरच्या एका दूध संघात रुबिना मुजावर नावाची इंजिनियर होती. दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचा प्रोग्राम ती सांभाळत असे. तो प्रोग्राम अधूनमधून अडखळत होता. एका सकाळी तिने पुस्तक शेजारी ठेवून त्याला मुंगूस जोडला, हवं ते पाहून घेतलं आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सरळ बाहेर पडली.

मुंगूस जाताना प्रोग्रामलाही घेऊन गेला. टाक्या थंड करणारी यंत्रं बंद पडली. पडद्यावर कसलीच सूचना आली नाही. उन्हं चढली आणि दुपारी झाकण उघडलं तेव्हा दुधाला आंबूस वास सुटला होता. पहाटे उठून गावागावांतल्या बायाबापड्यांनी घातलेलं ते दूध गटारात ओतावं लागलं. संघाच्या अध्यक्षांनी रुबिनाला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने हेमलताबाईंना फोन केला. ती भांडली नाही. “मॅडम, मी पुस्तकात होतं तसंच केलं. इथे कुणाला पटत नाही. मला एवढंच सांगा, मी वाचायला चुकले का?”

“थांब जरा. मी पाहून सांगते,” बाई म्हणाल्या.

मग जे आधी करायचं होतं ते त्यांनी आता केलं. एक प्रोग्राम चालू केला, त्याला मुंगूस जोडला आणि ‘सोड’ न म्हणता बाहेर पडल्या. प्रोग्राम त्यांच्या डोळ्यांदेखत मेला. टेबलावरचा चहा अजून गरम होता. एवढंसंच काम होतं ते.

त्यांनी हिंगमिरे सरांना फोन लावला. “सर, तुमच्याकडे मुंगूस कोणता आहे?”

“जुनाच. नवा माझ्या कॉम्प्युटरला पेलत नाही. का हो?”

बाईंनी झालं ते सांगितलं. जुना मुंगूस जाताना प्रोग्रामला सोडून देत असे, नवा त्याला मारून जातो.

“म्हणजे माझ्यामुळे दूध नासलं,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

“नाही सर. तुम्ही जे पाहिलंत ते कळवलंत. न पाहता लिहिलं ते मी.”

“माझं लिहिणं तुम्ही तपासत नव्हता?”

“आधी तपासत होते. तुम्ही नेहमीच बरोबर निघायचात.”

आता मात्र सर चिडले. “वर्गात गणित करून दाखवल्यावर मी पोरांना म्हणायचो, आता माझंच उत्तर ताडून बघा. मास्तर हुशार आहे म्हणून पोरानं गणित करायचं सोडलं, तर मास्तरानं शिकवलं तरी काय?”

“खरं आहे, सर,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

झाला प्रकार कानावर आल्यावर संध्याकाळी साळगावकर साहेबांनी बाईंना आत बोलावलं. ते त्यांचे वरिष्ठ. साहेब रागावले नव्हते, त्यांना वाट काढायची होती. “हे हिंगमिरे बाहेरचे गृहस्थ. चुकीचं त्यांनी कळवलं, दोष त्यांच्यावरच जाऊ दे. ती ओळ आजच्या आज गुपचूप परत घाला. मुलीने पान नीट वाचलं नसेल, असं संघाला सांगू. कोण बघायला जातंय?”

बाई ऐकत उभ्या राहिल्या. त्या फार थकल्या होत्या. नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. सर लांब बार्शीला, मुलगी त्याहून लांब. त्यांना कुणी विचारणार नव्हतं. पण बाईंना आठवलं, ती ओळ खोडली तेव्हाही असंच सोपं वाटलं होतं.

“साहेब, ओळ परत घालते. पण ती चोरून घालणार नाही.”

“बाई, नाव तुमचं खराब होईल.”

“ते होऊ द्या. मुलीनं नीटच वाचलंय. चुकलंय पुस्तक.”

त्याच संध्याकाळी त्यांनी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: ‘मागच्या आवृत्तीत बाहेर पडण्याची रीत चुकीची छापली गेली होती. ज्यांनी ती वाचून तसं केलं, त्यांचा यात दोष नाही. हा बदल मी न तपासता केला.’ खाली आपलं नाव घातलं. तेच रुबिनाला आणि सहीनिशी दूध संघालाही कळवलं.

संघाने रुबिनाला परत बोलावलं. टाक्या भरलेल्या असताना प्रोग्रामला हात लावला, म्हणून अध्यक्षांनी चार शब्द सुनावले. ते तिने मान खाली घालून ऐकले, कारण तेवढं तिचंही चुकलं होतं. हिंगमिरे सर त्यानंतर आपल्याकडचा मुंगूस कोणता ते आधी लिहीत आणि मग चूक सांगत. हेमलताबाईंना कंपनीने लेखी ताकीद दिली. जोडीला माणूस काही मिळाला नाही.

नासलेलं दूध परत आलं नाही. बाईंचा थकवाही गेला नाही.

मग त्या एक एक करून जुनी पानं काढून बसल्या. सरांच्या शब्दावर न पाहता बदललेली प्रत्येक ओळ त्यांनी मुंगसावर करून पाहिली. त्यात बरेच आठवडे गेले. रोजचं काम होतंच, ते सांभाळून हे चाललं. मान दुखली की खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत, मग परत येऊन बसत. एक ओळ आणखी चुकलेली निघाली, ती त्यांनी सुधारली. बाकी सगळ्या बरोबर होत्या. पण इतके दिवस त्या बरोबर असतील असं बाईंना नुसतं वाटत होतं. आता त्यांना ते ठाऊक होतं.

तात्पर्य: नेहमी खरं सांगणाऱ्याचा शब्दही आपण पारखून घ्यावा, कारण पारखण्याचं काम त्याचं नाही, आपलं आहे. आणि थकून ते राहून गेलंच, तर तसं उघड सांगावं. आपल्या कंटाळ्याचं ओझं विश्वासाने वाचणाऱ्याच्या माथी मारू नये.