पाण्याच्या वाटेवरची भिंत

पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एक नगर होतं. ते दिवसेंदिवस वाढत चाललं होतं. विहिरी पुरेनात, म्हणून नदीकाठच्या झोपड्यांतले लोक पखाली भरभरून पाणी आणून घालत. नगरातली घरंही त्यांनीच बांधलेली. राहायचं मात्र बाहेर, बरं का.

त्या झोपड्यांत वाढलेला एक गवंडी होता. कामाला एकदम चोख. एके दिवशी प्रधानाने त्याला बोलावून घेतलं.

"परदेशचे पाहुणे यायचेत. ती वस्ती दिसता कामा नये. मध्ये उंच भिंत घाल. पेठेत तुला घर मिळेल."

"आणि पाणीवाल्यांची वाट?" गवंड्याने विचारलं.

"येतील वळसा घालून. त्यांना कसली घाई?"

गवंड्याला हे पटलं का? मुळीच नाही. पण घरात आईवेगळी लहान लेक होती, आणि दर पुरात झोपडीत पाणी शिरायचं. त्याने थापी उचलली.

त्याचा धाकटा भाऊ पखाल वाहायचा. तो म्हणाला, "दादा, निदान एक दार तरी ठेव."

"प्रधानजी नको म्हणतात. पाहुणे गेले की पाडतील रे."

पाहुणे आले, वाहवा करून गेले. भिंत कोण पाडतंय? राजाला ती फार आवडली होती. गवंडी लेकीला घेऊन पेठेतल्या माडीवर राहू लागला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तेल्याच्या दुकानाला आग लागली. वारा सुटला नि सगळी पेठ पेटली. गवंडी कामावरून धावत आला, तर जिना जळत होता आणि लेक माडीवर अडकली होती. घरोघरचे रांजण केव्हाच रिकामे झाले होते. तो पहार घेऊन भिंतीकडे पळाला.

"पाणी आणा रे! पोर आत आहे!"

"पखाली भरलेल्या आहेत, दादा," पलीकडून भाऊ ओरडला. "पण येऊ कुठून?"

गवंड्याने घावावर घाव घातले. एकही दगड हलला नाही. भाऊ वळसा घालून पोचला तेव्हा माडी कोसळली होती.

"मी धावलो रे, दादा," एवढंच तो म्हणाला. पाठीवरची पखाल उतरवायचंही त्याला सुचलं नाही.

अर्धं नगर जळाल्यावर राजाला शहाणपण आलं. त्याने भिंत पाडायचा हुकूम दिला, आणि पाडायला बोलावलं त्याच गवंड्याला.

ज्यांच्या कष्टांवर नगर वाढतं त्यांनाच बाहेर ठेवलं, तर संकटात ते नगर एकटं पडतं.