गुलबक्षीची सावली

माणसांना झाडांचं बोलणं ऐकू येत असे, तेव्हाची गोष्ट. शरयूताईंनी परसात विलायती बाग करायला घेतली. मोरीपाशी जुनी गुलबक्षी होती. नवी लव्हेंडर तिच्याच सावलीत रुजली.

"आमच्याकडे सगळी फुलं एकमेकींना खेटून वाढतात," लव्हेंडर म्हणाली.

"अगं बाई, मोरीपाशीही सगळं खेटूनच उगवतं; मग आमची मोरीसुद्धा विलायतीच की!" गुलबक्षी हसली.

एका सकाळी ताई कुदळ घेऊन आल्या. "लव्हेंडर, ही तुझ्या बागेत शोभते का गं?"

ताईंनी लावलेले नवे गुलाब बघत होते. मोरीवालीची मैत्रीण म्हणवून घ्यायची लव्हेंडरला लाज वाटली.

"नाही शोभत," ती म्हणाली.

ताईंनी गुलबक्षीला मुळासकट उपटलं.

चैत्राचं ऊन थेट लव्हेंडरवर आलं. ताई सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होत्या, तरी ती वाळतच गेली.