सात राजांचे भरलेले गाल

एका राज्यात नदी होती, पण ती कुलुपात होती. कुणी घातले कुलूप? सात पिढ्यांमागे एका जादूगाराने घातले. त्याने अख्खी नदी डोंगराच्या पोटात कोंडली आणि वर दगडी दार लावून घेतले. तेव्हा त्या राज्याची आदिराणी तपती त्या दाराशी जाऊन बसली, ती बारा वर्षे उठली नाही. जादूगार अखेर वरमला, पण हट्टी असल्यामुळे अर्धाच वरमला. त्याने करंगळीएवढी धार सोडली. दारापुढच्या शिळेत राणीचा चेहरा दाबून साचा केला, साचा काळ्या पाण्याने भरला आणि बजावले, "हाच चेहरा पुन्हा इथे बसेल, त्या क्षणी नदी सुटेल. दुसरा आणाल, तर दगड व्हाल."

काळ्या पाण्याखालचा साचा कुणाला दिसत नसे. दिसे ते दरबारातले आदिराणीचे चित्र. एक हात उंचावलेला, आणि गाल टम्म फुगलेल्या पुरीसारखे. त्या गालांचा राज्याला केवढा अभिमान! राजघराण्यातल्या प्रत्येक मुलाला जन्मापासून तूप पाजीत, आणि साच्यात चेहरा बसवायच्या परीक्षेआधी चित्राच्या मापाने त्याचे गाल भरून घेत. असे सात राजे गेले आणि सातही दगड झाले. शिळेभोवती ते रांगेने उभे होते. सातवा होता राजा जयकेतू, आणि त्याची एकुलती एक लेक होती शलाका.

शलाकेच्या गालांच्या खळग्यांत वाटीभर पाणी मावेल, असे दासी म्हणत. तुपाच्या घागरी तिने रिचवल्या, पण ते तूप कुठे गेले कोण जाणे. हात वर केला की मनगटातले सोन्याचे कडे घसरत थेट कोपराला जाऊन टेके. आरशासमोर तिला लाज वाटे, फार वाटे. अशा थोर घराण्यात आपणच तेवढ्या ओढलेल्या तोंडाच्या जन्मलो, असे तिला वाटे. त्या वर्षी करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली. वैशाखी पौर्णिमेला शिळेपुढे जायची पाळी आता तिची होती. शलाकेने आदिराणीचे चित्र गुंडाळून काखेत मारले, खांद्यावर बोलकी टिटवी घेतली आणि गाल शोधायला निघाली.

पहिला भेटला मधुकेश. त्याच्या पाळीव मधमाश्या कातडीखाली मेण भरीत.

"गाल सहा महिने टिकतील," तो म्हणाला. "उन्हात जायचे नाही. मोठ्याने हसायचे नाही. तुझ्या पित्याचे गाल मीच भरले होते."

"ते तर दगड झाले."

"मापात तसूभर चूक झाली असेल."

"मेणाखाली त्यांचा चेहरा कसा होता?"

"ते मी पाहत नाही, राजकन्ये. मी भरतो."

शलाका तिथून निघाली. वाटेत टिटवी म्हणाली, "हसायचं नाही म्हणे! मग जगायचं तरी कशाला?"

दुसरा भेटला घनपाल. तो माणसाच्याच देहातला मेद इकडचा तिकडे करी.

"हे गाल जन्मभर टिकतील," तो म्हणाला. "तुझ्या पणजोबांचे मीच केले. तुझ्या दंडांतून काढून गालांत घालीन. मात्र पुढे धनुष्य ओढवणार नाही."

धनुष्य हा शलाकेचा जीव की प्राण. तिने नमस्कार केला आणि पुढची वाट धरली. पण मनात एक गोष्ट खुपू लागली. पित्याचे गाल भरलेले आणि पणजोबांचेही भरलेले. मग या घराण्यात गाल घेऊन जन्मले तरी कोण?

तिसरी भेटली कपोला. तिच्या फडताळावर बरण्या होत्या आणि बरण्यांत गाल होते. दाराशी एक गोबऱ्या चेहऱ्याची गुराखीण बसली होती.

"ही तिचे गाल द्यायला तयार आहे," कपोला म्हणाली. "आत्ता बसवते."

गुराखीण म्हणाली, "घ्या ना, बाईसाहेब. पाणी आलं तर माझी गुरं जगतील."

"तुझे गाल तुझ्याच तोंडावर शोभतात," शलाका म्हणाली.

"मग मापे तरी घेऊ दे," म्हणत कपोलेने चित्र भिंतीवर टांगले, शलाकेचा हात धरला आणि उजेडाकडे वर उचलला. कडे घसरले, कोपराला टेकले. शलाकेची नजर चित्राकडे गेली. आदिराणीचाही हात उंचावलेला होता. आणि तिचे कडेही कोपराला टेकले होते.

"कपोले, या चित्राचे गाल पाहा."

कपोलेने नाक चित्राला लावले. आपल्या धंद्यातली लबाडी तिला लगेच कळली. "भरलेले आहेत," ती म्हणाली. "खाली एक रंग, वर दुसरा. चितारी हात दुरुस्त करायचा विसरला."

बारा वर्षे दाराशी बसलेली बाई काय खात असेल, हे सात पिढ्यांत कुणी विचारले नव्हते. उपाशी राणी दरबाराला शोभली नसेल, म्हणून चिताऱ्याने तिला जेवू घातले, रंगाने. शलाकेने आपल्या खोल गालांवरून हात फिरवला. आयुष्यात प्रथमच तिची मान ताठ झाली.

पौर्णिमेच्या सकाळी सारे राज्य डोंगरापाशी जमले. प्रधान घाबरून म्हणाला, "देवी, गाल?"

"आणले आहेत," शलाका म्हणाली.

ती वाकली. काळ्या पाण्यात तिने तोंड बुडवले. कपाळ टेकले, हनुवटी टेकली, आणि गालांच्या दोन्ही खळग्यांत दगडाचे दोन उंचवटे अलगद बसले, केसाचेही अंतर न राहता. डोंगर गडगडला. दार दुभंगले आणि नदी धो धो बाहेर आली.

लाटा सातही राजांवरून गेल्या आणि दगडांची माणसे झाली. जयकेतू ठेचकाळत पुढे आला. लेकीला पाहून त्याचे डोळे भरले. "शलाके, गाल न भरता आलीस?"

"आबासाहेब, आधी तोंड धुवा."

त्याने ओंजळ भरून तोंडावर पाणी मारले. मेण निघाले आणि वाहून गेले. बाकीचे सहाही राजे वाकले आणि त्यांनीही तोंडे धुतली. कुणाचे मेण गेले, कुणाचा मेद गेला, कुणाच्या गालांवरून उसने गाल गळून पडले. मग सातही जणांनी एकदमच मान वर केली, आणि काठावरच्या लोकांना सात शलाका दिसल्या.