पाठीवरची गाठ

"...पण किक नियमातली होती की नाही, एवढंच सांगा सर."

"होती."

"परीक्षकांनी मार्क दिले ना?"

"दिले."

"मग माझा बेल्ट का अडवलाय?"

 जमादार सर चेस्ट गार्ड ओल्या फडक्याने पुसत बसले होते.

कराडच्या एका मंगल कार्यालयात, लग्न नसेल त्या दिवशी, सर तायक्वांदो शिकवायचे. समोर उभा असलेला यशोधन डांगे त्यांचा सगळ्यात तयार विद्यार्थी. आणि ही गोष्ट इतरांच्या आधी त्याला स्वतःलाच कळलेली. काळ्या गळपट्टीचा पांढरा डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, फक्त ब्लॅक बेल्टवाल्यांनी घालायचा असतो. याने तो परीक्षेआधीच मागवला होता आणि आज घालूनच आला होता. गुडघ्याला बाशिंग बांधायला जागाही बरी मिळाली होती म्हणायची.

रविवारी परीक्षेत त्याची शेवटची लढत सुहास लोखंडेशी झाली. यशोधनची किक बसली, सुहास आडवा झाला, खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सुहासची बरगडी मोडल्याचं संध्याकाळी दवाखान्यात कळलं.

"मी मुद्दाम नाही केलं सर. त्याचा गार्डच सुटला. त्याचं नशीब."

"सुटला खरा."

सरांनी हातातला निळा गार्ड पुढे केला.

"घाल."

यशोधनने घातला.

"बांध."

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चेस्ट गार्ड म्हणजे छाती-पोट झाकणारी जाड गादी. तिच्या नाड्या मात्र पाठीवर असतात. एकट्याला बांधता येत नाहीत. म्हणून सरांच्या क्लासात रीत अशी, की ज्याच्याशी लढायचं त्याचाच गार्ड आधी आपण बांधून द्यायचा. मग खुशाल लाथा घाला.

यशोधनने हात मागे नेले. एक नाडी सापडली, दुसरी निसटली. पाठ खाजवायला हात पुरत नाही अशा माणसासारखा तो जागच्या जागी फिरला.

"सर, जरा बांधता का?"

"माझी कुठे लढत आहे तुझ्याशी?"

...

दार ढकलून सुहास आत आला. त्या दिवशी राहिलेली बॅग न्यायला आला होता. एक हात बरगडीवर धरलेला.

"काय रे, अडकलास? फिर इकडे."

यशोधनला फिरायचं नव्हतं. पण सर बघत होते. तो फिरला.

सुहासने नाड्या एकमेकींवरून घेतल्या आणि खेचल्या. खेचताना त्याला कळ आली, ती त्याने दातांखाली दाबली. एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली. मग पाठीवर थाप देऊन नेहमीसारखं विचारलं, "श्वास घे बघू. आवळतंय का कुठे?"

यशोधनला श्वास घेता येईना.

हे विचारायची रीत होती. रविवारी यशोधनने ते विचारलं नव्हतं. पहिल्या रांगेत त्याचे मामा मोबाइल रोखून बसले होते आणि याचं सगळं लक्ष तिकडे. सुहासच्या पाठीवर त्याने कशीबशी एक गाठ मारली आणि पुढे झाला. लढत रंगात आली तेव्हा तोच गार्ड सुटून एका बाजूला घसरलेला त्याने पाहिला होता. पाहूनही पाय उचलला होता. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं त्याला आत्तापर्यंत वाटत होतं.

"ठीक आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग झालं." सुहासने बॅग न दुखणाऱ्या बाजूच्या हातात घेतली. "सर, डॉक्टर हो म्हणाले की येतो."

"ये. सावकाश ये."

सुहास गेला. यशोधन मॅटवर बसला.  ती काळी गळपट्टी त्याला गळ्याला टोचायला लागली.

"सर, मला लाज वाटते."

सरांनी फडकं पिळलं.

"मी पाहिलं होतं सर. गार्ड सुटलेला पाहिला होता. थांबता आलं असतं... थांबलो नाही. त्याला ठाऊक असेल का हो?"

सरांनी फडकं शेजारच्या खुर्चीवर वाळत टाकलं.

"त्याला ठाऊक असूनही त्याने बांधला असेल का?"



यशोधनने गार्ड काढायला हात मागे नेले. बोटांना गाठ लागली, पण सुटेना. दोनदा झटापट करून त्याने हात खाली सोडले. डोळे भरून आले होते.

सर गुडघ्यावर हात ठेवून उठले. कपाटातून काळा पट्टा काढला. पिवळ्या धाग्याने त्यावर यशोधनचं नाव भरलेलं होतं. तो त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला.

"नको सर. माझी लायकी नाही. परत घ्या हा."

"असू दे. घेऊन जा. हा पुढून बांधतात, कुणालाही जमतो."