डबल स्टँडची परीक्षा

खडकवाडीच्या दूध डेअरीत मोटारसायकलवर फिरून दुधाचे नमुने आणायची नोकरी निघाली. अर्ज आला एकट्या प्रमिला ढमालेचा, आणि ती तर काडीसारखी. धिप्पाड चेअरमन रंगराव हसले, "आधी हे गाडीचं धूड डबल स्टँडला लाव, मग नोकरी माग."

"साहेब, एकदा तुम्ही करून दाखवा की!"

रंगरावांनी गाडी मागून धरून तीनदा ओढली. फेटा सुटला, पण गाडी काही चढली नाही.

प्रमिलाने स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि त्याच्या दांडीवर सरळ उभीच राहिली. गाडी अलगद वर चढली.

"एवढं बळ आणलंस कुठून गं?"

"बळ कसलं, साहेब? माझं पंचेचाळीस किलो मी स्टँडवर ठेवलं. तुमचं सव्वाशे किलो तुम्ही जमिनीवरच ठेवलंत!"