रावसाहेबांची पाटी

रावसाहेब ढमाले कॉलेजचे अध्यक्ष, आणि आपलं नाव जिथंतिथं बघायची त्यांना भारी हौस. वारसा आणि पर्यटन शिकणारी पोरं भोरकडा गडावर परीक्षेला निघाली, तर हेही संगमरवरी पाटी घेऊन चढले. जुन्या दरवाजाला भोकं पाडून ती ठोकायची होती.

त्या पोरांतली गोदा पेचात पडली. गप्प बसावं तर दरवाजा तडकणार, बोलावं तर आपण नापास. तरी भोकं पाडू नका, असं तिनं सांगितलंच.

"असलं शिकून कोण विचारणार गं तुला?" रावसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "बरं, एवढं सांग. पाटी कुठं लावू, म्हणजे येणारा प्रत्येक जण थांबून वाचील? पटलं तर पास."

"साहेब, दरवाजात लोक फोटो काढतात नि पुढं जातात," गोदा सावकाश म्हणाली. "पण गड चढून आलेला जो तो आधी संडास कुठंय विचारतो, आणि तो इथं नाहीच. तुम्ही बांधा, दारावर पाटी लावा. रांगेतला माणूस दुसरं करणार काय? वाचणारच. बाहेर येताना दुवाही देणार."

परीक्षा घेणाऱ्या मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला. पोरांनी टाळ्या पिटल्या, तेव्हा रावसाहेबांना हो म्हणावंच लागलं.

गोदा पास झाली, दरवाजा शाबूत राहिला. संडासही झाला, पण रावसाहेबांनी त्यावर नाव काही घातलं नाही.

त्यानं काय होतंय? गडावर अजून लोक म्हणतात, "थांबा हं, जरा रावसाहेबांकडं जाऊन येतो."