ताटाची डावी बाजू

कारळाक्काचं म्हणणं कुणी खरं धरलं नाही. तिखट तोंडाच्या बाईने खरं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटतं, आणि कारळाक्का तर मुळातच चटणी. कारळे भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली, काळीकुट्ट. बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी.

तो मुलूख पाळण्यांचा होता. लांबलांबून पाहुणे येत, आकाशपाळण्यात बसून किंचाळत, आणि उतरले की त्यांच्या पोटात कावळे ओरडत. त्यांच्यासाठी तिथे चाळीस खानावळी होत्या आणि खानावळींतले पदार्थ हीच त्या मुलखाची रयत. ताटाच्या उजवीकडे भाज्या, आमट्या, उसळी बसत. त्यांना मोल होतं. डावीकडे लोणचं, कोशिंबीर, लिंबू, चटणी, आणि सगळ्यांत वडील म्हणून सगळ्यांआधी वाढले जाणारे मीठआबा. ही मंडळी चिमटीने वाढायची. त्यांचं मोल कुणी घेत नसे. पण पोट उजवीकडे भरतं आणि पाहुणा परत येतो तो डावीकडच्यांसाठी, हे प्रत्येक आचाऱ्याला ठाऊक होतं. प्रत्येक चुलीमागे भिंतीत एक झरोका असे. त्यातून आचारी पाहुण्याचं तोंड न्याहाळायचा आणि त्या तोंडावरून उद्याचा स्वयंपाक ठरवायचा.

वेशीवर दरवाजा होता. उघडायचं आणि मिटायचं, एवढ्यावर त्याचं भागेना. एके सकाळी त्याने दवंडी पिटवली. इथून पुढे पाहुण्यांनी जेवणाचे पैसे आत शिरतानाच द्यावेत. त्यांना तीन पितळी बिल्ले मिळतील. एका बिल्ल्याला एक ताट, कुठल्याही खानावळीत. आणि खानावळीला दर बिल्ल्यामागे दरवाजा एक पायली धान्य देईल, ताटात काहीही असो.

पाहुणे खूश झाले. सारखा खिशात हात घालणं सुटलं. खानावळीही खूश झाल्या. आता घासाघीस नाही, उधारी नाही, पायली ठरलेली. चाळीस खानावळींची सभा भरली, दरवाजाला हार घातला गेला, आणि कारळाक्का उभी राहिली.

"माझं एक ऐका," ती म्हणाली. "पाहुण्याने पैसे वेशीवर दिले म्हणजे त्याचं जेवण वेशीवरच झालं. मग आचारी त्याचं तोंड कशाला बघेल? पायली ज्याच्याकडून येते त्याचंच बघेल."

"आक्का, तू चिमूटभर," बटाटा मागून म्हणाला. "आणि काळजी हंडाभर."

"चिमूटभर आहे म्हणून लोक बोटं चाटतात," ती म्हणाली. "तुला खाऊन पोट धरून बसतात."

सभा हसली आणि उठली. हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा चर्चेला येत नाही, हे कारळाक्का जाणून होती. ती एकटीच उभी राहिली.

पहिल्यांदा पाहुण्यांचा प्रश्न बदलला. आधी खानावळीत शिरलेली बाई विचारायची, "आज काय केलंय?" आता ती विचारू लागली, "बिल्ल्यात सगळ्यांत मोठं काय मिळतं?" वाटीभर आंबील पिऊन तृप्त होणारा म्हातारा आंबिलीकडे बघेना. एवढ्याशासाठी बिल्ला कोण घालवतो. महिन्याभरात आंबील गेली, पिठलं गेलं, कढण गेलं. मग वरच्यांची पाळी आली. काजूची उसळ, भरलं पापलेट, तुपातली पुरणपोळी, ज्याला पायलीहून जास्त लागतं ते ते एकेक करून चुलीवरून उतरलं. हलकं नको म्हणून गेलं, भारी परवडेना म्हणून गेलं. मधे राहिला बटाटा.

चाळीस खानावळींवर चाळीस पाट्या होत्या. एकीत तो राजभोग होता, एकीत वनविहार, एकीत सागरमेवा. कुठे हळद फासून, कुठे लाल रस्सा अंगावर घेऊन तो धावत सुटे. त्याला आधी मिरवण्यात मजा वाटली. पुढे पुढे तो भिंतीला टेकून नुसता श्वास घ्यायचा. कारळाक्का एकदा त्याला म्हणाली, "आता कोण आहेस रे तू?" त्याने आपल्या अंगावरचा रस्सा निरखून पाहिला आणि पाटी वाचायला बाहेर गेला.

मग दरवाजाने माप नावाचा आपला कारभारी पाठवला. तो खानावळीखानावळीतून तराजू घेऊन फिरू लागला. प्रत्येक ताट तो एका पारड्यात ठेवी. उजवीकडचं काही उचललं की पारडं हले. डावीकडचं उचललं तर काटा जागचा हलत नसे.

"हे तर वजनातच नाहीत," माप शांतपणे म्हणायचा. "मग हे इथे करतात काय?"

रोज एका खानावळीची डावी बाजू पुसली जात होती. तो सकाळी कुणाच्या उंबऱ्यावर उभा राहील याचा नेम नसल्यामुळे बरण्यांना झोप लागेना. लोणच्याला तळघरात टाकलं, तिथे त्याला बुरशी आली. कोशिंबीर दुपारपर्यंतही टिकली नाही. लिंबाला काम मिळालं, ते बिल्ले घासून चकचकीत करण्याचं. कारळाक्काची बरणी वेशीबाहेर, कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवली. आणि झरोके? ते आचाऱ्यांनी स्वतःच बुजवले. चुलीचा धूर जायला नवी खिडकी हवी होती. ती त्यांनी वेशीच्या दिशेने पाडली.

मीठआबांना मात्र मापने एकट्यांनाच बोलावून घेतलं. "तुम्ही राहा," तो म्हणाला. "ताटात नको. हंडीत आत जा, कुणाला दिसू नका."

ही बातमी कुंपणापाशी पोचली तेव्हा कारळाक्काने आबांना हाक मारून थांबवलं.

"आबा, जाऊ नका."

"मी गेलो नाही तर पाहुण्यांना घास गिळवणार नाही, पोरी," मीठआबा म्हणाले. "त्यांची काय चूक?"

"नाही गिळवला तर आजच ओरडतील. आज ओरडले तर आपण आज परत ताटात. तुम्ही आत गेलात की बिघडलेलं गोड लागणार, आणि त्याला काय झालंय हे कुणाला कळायचंच नाही."

"उपाशी माणसापुढे मी हट्ट धरून बसू?"

"धरा. तुम्ही धराल तरच उपयोग आहे. मी धरला, तर बघताय ना मी कुठे आहे."

आबांनी मान वेशीकडे वळवली. आतून पाहुण्यांच्या पोरांचा जेवायला मागण्याचा गलका येत होता. "तुझं खरं असेल," ते म्हणाले, आणि आत गेले.

काही दिवस चाललं. चिमटीभर आबांवर सगळं भागतंय, हे मापच्या लक्षात आलं. एका हंडीला लागणारं मीठ दोन हंड्यांना का पुरू नये? दोनांचे चार केले, चारांचे चाळीस. मीठआबा नाही म्हणाले नाहीत. जितकं पातळ करता येईल तितकं त्यांनी स्वतःला केलं.

आणि एका दुपारी चाळीसही खानावळींत एकदम शांतता झाली. पाहुण्यांच्या तोंडात घास होता. तो खाली जात नव्हता, आणि बिल्ला दिलेला असल्यामुळे कुणी तो थुंकतही नव्हतं. सगळे डोळे विस्फारून एकमेकांकडे बघत चावत राहिले. मग कुणीतरी पाट उलटवला. बघता बघता सगळा जमाव वेशीवर धडकला आणि दरवाजाच्या बिजागऱ्या कुरकुरल्या.

"चौकशी होईल," दरवाजा म्हणाला. "आत्ता, तुमच्यादेखत."

बटाट्याला पुढे आणलं. त्याचं वजन केलं, ते पुरेपूर भरलं. पायल्या मोजल्या, त्या चोख निघाल्या. मापने तराजू उंच धरला. काटा सुतासारखा सरळ. "जेवणात कमी काहीच नाही," तो म्हणाला. "मग चव गेली कुठे? चाळीसच्या चाळीस हंड्यांत लपून बसलेला असा कोण होता?"

कुंपणापाशी कारळाक्काने हे ऐकलं. ती बरणीचं झाकण ढकलून जमावात घुसली.

"अहो, ज्याने सांभाळलं त्यालाच धरताय. त्याला चाळिसांत वाटलं कुणी, ते विचारा आधी. झरोके बुजले कधी, ते विचारा."

"ही कोण?" एका पाहुण्याने विचारलं.

"ताटातून काढलेली आहे," माप म्हणाला. "आणि याच आबांशी तिचं कुंपणावर भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलंय. आज कैवार घेतेय."

पाहुणे तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिने आबांना हाक मारली. यावं, दोन शब्द बोलावेत, निदान दिसावं. पण चाळीस हंड्यांत पसरलेले आबा काही केल्या एका जागी गोळा होईनात.

खिळे ठोकल्याचा आवाज आला. दरवाजाच्या फळीवर गुन्हेगाराचं नाव लागलं, तसा जमाव निवळला. पाहुण्यांनी रांग धरली आणि उद्याचे बिल्ले घेताना एकेकाने ते मोठ्याने वाचलं. मीठ.